म्हणजे सांगलीच ना?

बेनराठ स्टेशन मागं पडलं, तेव्हा लेक खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "आई, तू काहीच का नाही बोललीस?"

तासाभरापूर्वी आम्ही दोघी जर्मनीतल्या क्योल्नच्या, म्हणजे कोलोनच्या, कॅथीड्रलजवळच्या रुंद पायऱ्यांवर बसलो होतो. ऑक्टोबरातला शनिवार. पाऊस नुकताच थांबला होता आणि ओल्या झालेल्या त्या काळ्या दगडाचा रंग आणखी गडद दिसत होता. माझ्या पिशवीत मिरजेतल्या आईसाठी घेतलेली युडीकोलनची बाटली, लेकीच्या हातात खडेमीठ लावलेला ब्रेत्झल. शेजारी लोकरीची टोपी घातलेले एक आजोबा वर्तमानपत्र पसरून त्यावर बसले होते. त्यांनी तिला नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं, मग राहतेस कुठं ते विचारलं. तिनं मान ताठ करून सांगितलं, "ड्युसेलडॉर्फ." आजोबांनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि दुखवट्याला आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "अरेरे! असू दे पोरी, त्यात तुझा काय दोष?" मग माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. मी हसले. अगदी मोकळं हसले, कारण त्या माणसात वाईट असं काही नव्हतंच. जाताना त्यांनी टोपी उचलून लेकीला सलामसुद्धा केला. लेकीनं उरलेला ब्रेत्झल कागदात गुंडाळून पिशवीत ठेवून दिला. मला वाटलं, पोट भरलं असेल.

"चेष्टा केली गं त्यांनी," मी गाडीत म्हणाले. "क्योल्नची माणसं आपल्या ड्युसेलडॉर्फवाल्यांची अशी चेष्टा करतातच."

"माहितीये मला. आमच्या वर्गातपण क्योल्नवर जोक करतात. पण तू हसलीस." मग थोडं थांबून म्हणाली, "तू आपल्या बाजूची आहेस ना?"

आठ वर्षांची आहे. घरी पोचेपर्यंत ती हे विसरूनही गेली, जेवली, झोपली. मी मात्र तीन आठवडे कणीक मळताना, ट्राममध्ये, ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्या एका शब्दापाशी अडकून बसले आहे.

आपल्या बाजूची.

हा शब्द मला ओळखीचा आहे. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्या वर्षी रोज कुणी ना कुणी विचारायचं, "कुठली गं तू?" मी म्हणायचे, "मिरजेची." आणि समोरून ठरलेलं उत्तर यायचं, "म्हणजे सांगलीच ना?" कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या माझ्या. "नाही, मिरज. सांगली आमच्या शेजारचं गाव." विचारणारीला त्यात काय फरक पडतो ते कळायचं नाही, आणि मला तो एका दमात सांगता यायचा नाही. सांगायचं तर सतारमेकर गल्लीतल्या ओट्यांवर वाळत ठेवलेले भोपळे दाखवायला हवेत, लाखेचा आणि पॉलिशचा तो जडसर वास नाकात जायला हवा, नव्या तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तोच एक सूर तासभर कसा छेडत बसतो ते ऐकवायला हवं. मीरासाहेबांच्या उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत रात्र रात्र चालणारं गाणं, दवाखान्यांमागून दवाखाने, आणि ते आमचं जंक्शन, जिथं एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ यायचे. सांगलीकरांकडंही सांगायला कमी नव्हतं. १८४३ साली पहिलं मराठी नाटक त्यांच्याकडं झालं, हळदीची आणि बेदाण्याची पेठ त्यांची, कृष्णाकाठचा गणपती त्यांचा, भडंगही त्यांचंच. आणि मुख्य म्हणजे जिल्हा त्यांचा. कलेक्टर कचेरी तिकडं. आम्ही जुने, पण आमचा पत्ता लिहिताना खाली 'जि. सांगली' लिहावं लागतं. हे लिहिताना प्रत्येक मिरजकराचा हात क्षणभर अडखळतो, असं माझे वडील म्हणायचे.

दोन्ही गावांत जेमतेम दहा किलोमीटरचं अंतर. महापालिका एकच. राज्यं पटवर्धनांचीच. १८०१ साली काका-पुतण्याचं बिनसलं, चिंतामणरावांनी मिरज सोडून सांगलीला बस्तान हलवलं आणि एका घराची दोन संस्थानं झाली. मी कॉलेजला विलिंग्डनला जायचे, ते बरोबर मध्ये, विश्रामबागेत. सकाळच्या बसमध्ये अर्ध्या मुली मिरजेहून चढलेल्या, परतीला निम्म्या सांगलीकडं उतरणाऱ्या. आम्ही एकमेकींचे डबे खायचो आणि एकमेकींच्या गावाला नावं ठेवायचो. यात खरा राग किती आणि खेळ किती, हे आम्हालाही सांगता आलं नसतं. पण गावाला नाव ठेवणारी बाहेरची कुणी असली तर दोन्हीकडच्या मुली एका बाजूला व्हायच्या.

२०१७च्या सुरुवातीला नवऱ्याला जर्मनीतली नोकरी मिळाली. ऑफिस लेव्हरकुसेनला. नकाशा उघडला तर ऱ्हाईन नदी, तिच्या वरच्या अंगाला क्योल्न, खाली ड्युसेलडॉर्फ, दोघांत चाळीसेक किलोमीटर, आणि मध्ये हे लेव्हरकुसेन. मी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "विश्रामबाग!" नवरा नाशिकचा, त्याला यातलं काही कळलं नाही. लोकांना बहुधा ऑफिस शहर ठरवून देतं. आम्हाला ते सुख नव्हतं. ऑफिस मधोमध, दोन्हीकडं जायला गाड्याच गाड्या, भाडी थोड्याफार फरकानं सारखीच महाग. म्हणजे निवड खरोखर आमच्याच हातात होती, आणि तीच अवघड गोष्ट होती. ज्याला पर्याय नाही तो माणूस निदान नंतर स्वतःला दोष देत नाही.

एक वही केली होती आम्ही. डाव्या पानावर क्योल्न, उजव्या पानावर ड्युसेलडॉर्फ. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं किती, वार्ममीटे म्हणजे गरम पाणी आणि हीटरचा खर्च धरून किती, अनामत म्हणून तीन महिन्यांचं भाडं एकदम कुठून काढायचं, वाणसामानाची भारतीय दुकानं कुठं, बालवाडीत जागा मिळण्याची शक्यता किती. ड्युसेलडॉर्फमध्ये तीन वर्षांपुढच्या मुलांना बालवाडीची फी माफ, हे उजव्या पानावर दोनदा अधोरेखित केलेलं. ती वही अजून आहे. परवा काढून पाहिली. डाव्या पानावर, सगळ्या आकड्यांच्या खाली, माझ्या अक्षरात एकच ओळ आहे: 'स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच.' त्यापुढं काय ते लिहिलेलंच नाही.

ते कॅथीड्रल. पहिल्या दिवशी स्टेशनच्या काचेच्या दारातून बाहेर आले, कडेवर सहा महिन्यांची लेक, आणि मान वर करून बघतच राहिले. १५७ मीटर. पाया घातला १२४८ साली आणि पुरं झालं १८८० साली. मधली काही शतकं काम ठप्पच होतं. अर्धवट राहिलेल्या मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी, आणि माणसं पिढ्यानपिढ्या त्या क्रेनखाली बाजार करत, लग्नं लावत, मरत राहिली. पुढं महायुद्धात भोवतीचं शहर जमीनदोस्त झालं, हे मात्र उभं राहिलं. आजही कुठल्या ना कुठल्या कोपऱ्याला परांची बांधलेली असतेच, दगड बदलायचं काम संपत नाही. मला ते फार जवळचं वाटलं. मिरजेच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला घराचा एखादा भाग कायम दुरुस्तीत असणं ओळखीचं असतं. शिवाय त्या शहराचं नाव मी लहानपणापासून कपाळावर घेतलेलं होतं. ताप चढला की आजी कपाटातून बाटली काढायची, मऊ धुतल्या धोतराची पट्टी युडीकोलनच्या पाण्यात भिजवून कपाळावर ठेवायची. गार, झणझणीत, संत्र्याच्या सालीसारखा वास. युडीकोलन म्हणजे 'क्योल्नचं पाणी', हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. १७०९ साली फारीना नावाच्या इटालियन कुटुंबानं तिथं दुकान थाटलं आणि त्यांच्यातल्या एकानं हा वास घडवला. त्यात आपल्या देशातली सकाळ आठवते, असं त्यानं भावाला कळवलं होतं आणि नाव दिलं ते नव्या गावाचं. परगावाहून आलेल्या माणसानं जगाला दिलेली त्या गावाची ओळख. हे वाचलं तेव्हा मी नवऱ्याला म्हणाले, इथंच राहू या.

मला आता कळतं की माझ्या मनात तेव्हा सरळ हिशेब चालू होता. क्योल्न जुनं, रोमनांनी वसवलेलं, वस्तीनं दहा लाखांच्या वर, रेल्वेचं मोठं जंक्शन, आणि तरी राज्याची राजधानी नाही. १९४६ साली, युद्धानंतर हा भाग ताब्यात असलेल्या इंग्रजांनी नवं राज्य केलं तेव्हा राजधानीचा मान मिळाला ड्युसेलडॉर्फला, ज्याच्या नावातच 'डॉर्फ' आहे, म्हणजे खेडं. ड्युसेल नावाच्या ओढ्याकाठचं खेडं. कचेऱ्या, मंत्री, बँका, महागड्या दुकानांचा रस्ता सगळं तिकडं. मी त्या नकाशात मिरज शोधली होती आणि ती मला सापडली होती.

निप्पेस भागात आम्ही घर पाहिलं. तिसरा मजला, उंच छत, लाकडी जिना प्रत्येक पायरीला वेगळा आवाज करणारा. खाली चौकात भाजीबाजार भरतो, तिथून कोथिंबिरीच्या जवळपासचा कसला तरी वास वर येत होता. घर बघायला आमच्यासकट वीसएक जण आलेले, सगळ्यांच्या हातात आपापल्या फायली. पगाराच्या स्लिपा, कर्जं-बिलं वेळेवर फेडल्याचा शुफाचा दाखला, आधीच्या घरमालकाचं पत्र. आमच्याकडं यातलं निम्मं नव्हतंच. तरी घरमालकीणबाईंना आम्ही आवडलो असू, लेक त्यांच्याकडं बघून हसली होती. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, घर तुम्हाला देते. आम्ही पुन्हा बघायला गेलो, तेव्हा पहिल्यांदा स्वयंपाकघर नीट पाहिलं. भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप. बस. ओटा नाही, शेगडी नाही, सिंकसुद्धा नाही. इथं माणसं घर सोडताना स्वयंपाकघर उचकटून सोबत नेतात, हे कुणीतरी सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि त्या दोन पाइपांसमोर उभं राहणं वेगळं. नवं बसवून घ्यायचं तर दोन महिन्यांची वेटिंग. त्याच संध्याकाळी नवऱ्याला ड्युसेलडॉर्फच्या बिल्क भागातलं एक घर मिळत होतं. साठच्या दशकातली साधी इमारत, बुटकं छत, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. आधीचं जपानी कुटुंब नोकरीची मुदत संपवून मायदेशी निघालेलं. त्यांनी थोडे पैसे घेऊन ओटा, शेगडी, सिंक सगळं जागच्या जागी ठेवलं होतं, आणि ओट्यावर तांदळाचा एक डबा, धुऊन पुसून, झाकण उघडं ठेवून. त्या बाईंनी मला नळ सोडून दाखवला. गरम पाणी आलं. लेक कडेवर, दुधाच्या बाटल्या पिशवीत, दोन दिवस हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतलेल्या. मी त्या पाण्याखाली हात धरला आणि नवऱ्याकडं बघून मान हलवली.

वहीतल्या दोन्ही पानांचं पुढं काय झालं, ते त्या नळानं ठरवलं.

पहिली दोन वर्षं मी ड्युसेलडॉर्फमध्ये राहत होते आणि मनानं क्योल्नला. सुट्टी मिळाली की गाडीत बसायचे. होएनत्सोलर्न पुलावर गाडी आली की वेग कमी होतो, बाजूच्या जाळीवर प्रेमिकांनी लावलेली लाखो कुलपं, आणि पुढं ते दोन काळे मनोरे. तिथली माणसं अनोळखी माणसाशी बोलतात. रांगेत, दुकानात, विनाकारण. त्यांच्या बोलीत एक वाक्य आहे, त्याचा अर्थ 'आजवर नेहमी निभावलंय', आणि ते कशावरही म्हणतात, गाडी चुकली तरी. मला त्यात आमच्याकडचं 'होतंय की गं, काय घाबरतीस' ऐकू यायचं. घरी परतताना बेनराठ यायचं. या बेनराठची एक गंमत भाषेच्या अभ्यासकांना माहीत असते. जर्मन बोलींच्या नकाशात एक रेघ जाते, तिच्या उत्तरेला 'करणं' या क्रियापदात 'क' आणि दक्षिणेला 'ख'. 'माकेन' आणि 'माखेन'. ती रेघ ऱ्हाईन ओलांडते तिथं बेनराठ आहे, म्हणून तिचं नावच बेनराठ रेषा. आपल्याकडं बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथं ती बदलण्याची जागा रोज ट्रेनच्या खिडकीतून दिसते. ते स्टेशन आलं की मला वाटायचं, झालं, आता आपण पलीकडं.

या दोन गावांचं वैर कधीचं, असं कुणालाही विचारा, १२८८ सालची वोरिंगेनची लढाई सांगतील. क्योल्नचा आर्चबिशप हरला, बेर्गचा सरदार जिंकला, आणि त्यानं ड्युसेलडॉर्फला शहराचा दर्जा दिला. मीही हे बरीच वर्षं तसंच सांगत होते. मग कळलं की त्या लढाईत क्योल्नचे नागरिक आपल्याच आर्चबिशपच्या विरुद्ध, बेर्गच्या बाजूनं लढले होते. त्यांनाही त्याच्या अमलातून सुटायचं होतं. म्हणजे ज्या दिवसावरून हे भांडण मोजतात, त्या दिवशी दोघं एकाच बाजूला होते. आता एकाच्या बीअरचा रंग फिकट, दुसऱ्याची तांबूस. कार्निव्हलला एकीकडं 'आलाफ' ओरडायचं, दुसरीकडं 'हेलाऊ', आणि चुकून उलटं ओरडलात तर माना वळतात. मी पीत नाही, पण नवऱ्याच्या ऑफिसात दोन्हीकडची माणसं आहेत. ती जेवणाच्या सुट्टीत यावरून रोज भांडतात आणि रोज एकाच टेबलावर बसतात. विश्रामबागच ती.

दरम्यान माझ्या नकळत लेक बिल्कमध्ये वाढत होती. तिची पहिली मैत्रीण जपानी. इमरमान रस्त्यावर त्यांची दुकानं, बेकऱ्या, वह्यापेन्सिलींची एक जादूची गुहा आहे. त्या मैत्रिणीच्या आईनं हिला ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, करायला शिकवलं, मी त्यांना थालीपीठ. ऱ्हाईन टॉवरवर दिव्यांचं घड्याळ आहे, उभ्या रांगेतले ठिपके मोजून वेळ वाचायची; शाळेत शिकण्याआधी ती तिथंच तास-मिनिटं शिकली. थंडीच्या संध्याकाळी नदीकाठी आम्ही उभे, ती बोटानं हवेत ठिपके मोजतेय, आणि मोजून होईपर्यंत मिनिट बदललेलं, की पुन्हा पहिल्यापासून. आणि मग ते चाक. दोन्ही हात जमिनीवर टेकून बाजूनं चाकासारखी मारायची कोलांटी, ही ड्युसेलडॉर्फच्या पोरांची खूण आहे. गटारांच्या लोखंडी झाकणांवर तिचं चित्र, कारंज्यावर तिची मूर्ती, मुलांच्या स्पर्धा होतात तिच्या. म्हणे वोरिंगेनच्या विजयाच्या आनंदात पोरांनी रस्त्यावर अशा कोलांट्या मारल्या. दंतकथाच असणार. पण माझी पोर सहा वर्षांची असताना महिनाभर घरातल्या गाद्यांवर, बागेत, नदीकाठच्या गवतावर पडत राहिली, कोपरं सोलवटून घेतली, आणि एका रविवारी तिचे पाय एकदम सरळ वर गेले. उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा मी विसरणार नाही. ते चाक तिनं निवडलेलं नव्हतं. ते तिच्या गावाचं होतं म्हणून तिला यायलाच हवं होतं, इतकं सरळ.

मला असं कुठलंच गाव सरळ मिळालेलं नाही, मिरजेनंतर. पुणं शिकायला, बंगळूर नोकरीला, मग हे. प्रत्येक वेळी वही, दोन पानं, आकडे. निवडून घेतलेल्या गावावर आपण खूश असतो किंवा नाराज असतो. त्याच्यासाठी कान गरम होत नाहीत.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचा पूर आला. आम्ही लहानपणापासून पावसाळ्यात एकच प्रश्न ऐकत आलोय, "आयर्विनला किती झालं?" त्या पुलावरची पाण्याची पातळी फुटांत सांगतात. त्या आठवड्यात मी रात्रंदिवस फोनवर. ५२, ५४, मग ५७ फूट. मिरज उंचावर, घराला धोका नव्हता. पण मावशी सांगलीत. ती, काका, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, त्यांची दोन पोरं, सगळे आमच्या वाड्यात येऊन राहिले. आई एकवीस माणसांचा स्वयंपाक करत होती. मावशी जन्मभर आईला "तुमची मिरज म्हणजे दवाखाने आणि डास" म्हणत आली. त्या दिवशी फोनवर मागून तिचा आवाज आला, "अगं, आमच्या सांगलीचं काय झालं गं," आणि माझी आई, पक्की मिरजकर, रडायला लागली. मी बिल्कच्या त्या स्वयंपाकघरात सिंकला टेकून उभी होते. माझ्या तोंडातून निघालं, "आमच्या सांगलीचं." आयुष्यात पहिल्यांदा.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटी क्योल्नला गेले. जुन्या गावात नदीकाठी पाण्याची पातळी दाखवणारा छोटा मनोरा आहे, त्यावर घड्याळासारखी तबकडी. एरवी तीन मीटरच्या आसपास काटा असतो. ८.३० मीटरला जहाजं थांबवतात. १९९३च्या नाताळात १०.६३, आणि तेरा महिन्यांत पुन्हा, १९९५च्या जानेवारीत, १०.६९. जवळ एक बाई कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या, त्यांना ते दोन्ही आकडे पाठ होते. मी त्यांना आयर्विन पुलाबद्दल सांगितलं, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये. त्यांनी विचारलं, पाणी पुढं कुठं जातं? मी म्हणाले, आमच्याकडं, मिरजेच्या घाटावर. त्या म्हणाल्या, "इथलं ड्युसेलडॉर्फला जातं." त्यात चेष्टा नव्हती. आम्ही दोघी बराच वेळ पाण्याकडं बघत राहिलो.

तर, तीन आठवड्यांनी काल रात्री. लेक स्टुलावर उभी राहून तिचा डबा धूत होती, ते तिचं काम आहे. मी शेजारी ताटं पुसत होते. मी म्हणाले, "आपण इथं का राहतो माहितीये? या नळामुळे." मग तिला निप्पेसचं घर सांगितलं, जिना, भाजीबाजार, भिंतीतले दोन पाइप, जपानी काकू, तांदळाचा डबा. त्या डब्यात आम्ही अजून तांदूळच ठेवतो, तो तिनं मान वळवून पाहून घेतला. नळ बंद केला, पुन्हा सोडला, पाण्याखाली बोटं धरली.

"म्हणजे तुला क्योल्नला राहायचं होतं?"

"हो."

"अजून?"

हे मला कुणी विचारलेलं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा. "कधी कधी," मी म्हणाले.

ती विचार करत राहिली. मला भीती वाटली की ती दुखावेल. "म्हणून हसलीस? तुला ते पटलं होतं?"

"नाही गं. पटलं नव्हतं." आणि हे म्हणताना मला जाणवलं की हे खरं आहे, त्या पायऱ्यांवरही खरंच होतं. कानाच्या पाळ्या तेव्हा गरम झाल्या नव्हत्या, पण आता, या स्वयंपाकघरात, होत होत्या.

"मग पुढच्या वेळी बोलशील?"

"बोलेन."

"काय बोलशील?"

मला एकच वाक्य येत होतं, पुण्याच्या हॉस्टेलवरचं. ते मी तिला मराठीत सांगितलं, गावांची नावं बदलून. तिला आवडलं. म्हणाली, जर्मनमध्ये म्हण. मी म्हटलं, नाही, ड्युसेलडॉर्फ. क्योल्न आमच्या शेजारचं गाव.

"'डेअर' नाही, आई. 'डी'. शेजारचं गाव म्हणजे डी नाखबारश्टाट," ती डबा उपडा घालत म्हणाली. "परत म्हण."

मी परत म्हटलं.